वाघजाईच्या कड्यावरचा दोर

चौदा महिन्यांनी अर्जुनराव सासुरवाडीला उगवला आणि चिमाजीला वाटलं, दाजी बायकोला न्यायला आले. माणूस आपल्याला हवं तेच आधी बघतो. त्यात चिमाजीचा एकट्याचा काही दोष नाही.

सत्तावन्न सालचा वैशाख होता. पिंपरीला कारखाना उभा राहिल्यापासून इंद्रायणीच्या काठची बरीच माणसं नांगर टाकून तिकडं पळाली होती, त्यांत करंजवाडीचा अर्जुनराव पहिल्या पाच-दहांतला. जाताना त्यानं बायकोला, म्हणजे चिमाजीच्या धाकट्या बहिणीला शालनला, निघोज्यात भावाच्या दारी आणून सोडलं होतं. "खोली मिळाली की घेऊन जातो," असं म्हणाला होता. तेवढ्या दिवसांत पिंपरीत शंभर खोल्या उठल्या असतील, शालनच्या वाटची एक काही उठली नाही. गावात कुजबुज सुरू झाली. चिमाजीची बायको सोजरा पाणवठ्यावरून रोज काहीतरी ऐकून यायची आणि शालनसमोर तोंड मिटून भांडी घासत बसायची. शालनही काही विचारायची नाही. तिन्हीसांजेला रस्त्याकडं तोंड करून ओट्यावर बसायची, बस. चिमाजी असा मऊ माणूस, की बहीण ओट्यावर दिसली की तो मागच्या दारानं घरात शिरायचा.

आणि आता दाजी दारात उभे. अंगात इस्त्रीचा सदरा, मनगटाला घड्याळ, पायांत बूट. सोबत तिशीचा एक हडकुळा माणूस, कारखान्याच्या खाकी कपड्यातला.

"ह्यो ज्योतीराम. माज्याबरूबर शिफ्टला असतोय, बीडकडचा," अर्जुनराव म्हणाला. "डोंगर बघायचा म्हनतोय. उद्या वाघजाईला जाऊन मध काढायचा बेत हाय, पाव्हणं. औंदा मान चुकवून चालायचं न्हाई."

वाघजाईचा डोंगर निघोज्यापासून दोन कोसांवर. माथ्यावर देवीची राई आणि पश्चिमेला सरळ तुटलेला कडा. त्या कड्याला आग्या मोहोळं लागत. वैशाखात तिथलं पहिलं पोळं उतरवून देवीला मध वाहायचा मान करंजवाडीत अर्जुनरावाच्या घराण्याचा होता. लागोपाठ दोन वर्षं खंड पडला तर मान दुसऱ्या घराकडं जायचा, आणि गेलं वर्ष अर्जुनरावानं चुकवलं होतं. घड्याळ लावलं, बूट घातले, तरी मानाची हाव काही माणसाला सोडत नाही.

त्या कामाची एक रीत होती. कड्यावरून खाली उतरणाऱ्याचा दोर धरायचा तो त्याच्या बायकोच्या भावानं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, अगदी पाठच्या भावानंही नाही. पाठच्या भावाच्या मनात एखादे वेळी जमिनीची वाटणी येईल आणि मूठ ढिली पडेल, पण बहिणीचं कुंकू ज्याच्या मुठीत आहे तो मेला तरी सोडायचा नाही, असं जुन्या लोकांचं म्हणणं. दोर राहायचाही त्याच्याच घरी. म्हणून तर अर्जुनरावाला निघोज्याला यावं लागलं. चिमाजीच्या माळ्यावर तो वाखाचा जाड दोर वेटोळं करून ठेवलेला असे. नऊ वर्षांच्या सोयरिकीत चिमाजीनं तो आठ वेळा धरला होता, आणि या गोष्टीचा त्याला मनातून फार अभिमान होता. बाकी अभिमान धरावा असं त्याच्यापाशी काही नव्हतं.

"दोर काडून द्या, आमी दोगं जातो," अर्जुनराव म्हणाला.

"दोगं कसं? मंग दोर काय डोंगर धरनार?" चिमाजी हसला. "म्या येतो की."

अर्जुनरावानं ज्योतीरामाकडं पाहिलं. नको म्हणायला त्याला सबब सापडली नाही.

त्या संध्याकाळी शालननं न्हाऊन नवं लुगडं नेसलं. चुलीपुढं घाम गाळून पुरणाच्या पोळ्या केल्या. वाढताना तिच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या आणि चिमाजीला ते फार बरं वाटत होतं. ज्योतीराम मात्र पानावर नुसता बसून राहिला. शालननं आग्रह केला तशी त्याची मान आणखी खाली गेली. परमुलखातला माणूस, लाजला असेल, असं चिमाजीला वाटलं.

जेवणं झाल्यावर त्यानं अर्जुनरावाला अंगणात गाठलं. "दाजी, शालनीचं कसं करायचं?"

"उतरल्यावर बोलू," अर्जुनराव म्हणाला.

एवढंच तो म्हणाला. पण चिमाजी घरात गेला आणि बहिणीला म्हणाला, "बोचकं बांदून ठेव. उतरल्यावर नेत्यात तुला." हे शेवटचं त्याच्या पदरचं होतं. शालननं तोंडाला पदर लावला आणि ती उठून कपडे काढायला लागली. तिचं हसू दिसल्यावर आपले शब्द मागं घ्यायची चिमाजीची छाती झाली नाही.

तांबडं फुटायच्या आत तिघं निघाले. कडा पश्चिमेला, त्यामुळं तिथं दुपारपर्यंत ऊन येत नसे. ऊन यायच्या आत, माश्या गारठलेल्या असतानाच काम उरकायचं असतं. दोर चिमाजीच्या खांद्यावर आणि त्यावर घोंगडी. एवढ्या उकाड्यात घोंगडी कशाला, असं ज्योतीरामानं एकदा विचारलं. "लागती," चिमाजी म्हणाला.

पायथ्याची करवंदीची जाळी संपली आणि रान दाट झालं. जांभळी, हिरडे, ऐन, अंजन, त्यांच्यावरून लोंबणारे वेल. दरडीच्या अंगाला भेकर भुंकलं तसा ज्योतीराम दचकला. चिमाजीला आज बोलायचा हुरूप होता. त्यानं त्याला साळिंदराचे पडलेले काटे दाखवले, अस्वलानं नव्हे तर रानडुकरांनी उकरलेली माती दाखवली, पाणवठ्याच्या चिखलात उमटलेला बिबट्याचा ताजा पंजा दाखवला. "घाबरू नगा. त्यो आपल्या आदी वर गेलाय, आपली वाट बगत बसनार न्हाई," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. वानरांची टोळी फांद्यांवरून खाकरत वर सरकली. रानकोंबडा आरवला. पुढं चाललेल्या अर्जुनरावानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

राईच्या तोंडाशी तिघांनी पायताणं काढली. अर्जुनरावाला बुटाच्या नाड्या सोडायला वेळ लागला. त्या राईत वाळकं पानसुद्धा कुणी उचलत नसे. चौघांच्या कवेत मावणार नाहीत असे आंबे, त्यांच्या बुंध्यांवर शेवाळ, आणि मधोमध शेंदूर फासलेली वाघजाई उघड्यावर बसलेली. तिला नारळ फोडून ते माथ्यावर आले.

माथ्यावरून मुलूख दिसत होता तो असा, की चिमाजीला आठ वेळा पाहूनही नवा वाटायचा. पश्चिमेला लोहगड-विसापूर खांद्याला खांदा लावून, त्यांच्यामागं तुंग-तिकोना धुरकट. खाली इंद्रायणीची वळणं, काठाला निघोज्याची कौलं. दक्षिणेला पार लांब पिंपरीच्या बाजूला धुराची एक बारीक रेघ उभी होती. "त्यो बगा तुमचा कारखाना," चिमाजी म्हणाला. "शालनीला हितनं घर दाकवायला पायजे हुतं." कड्याच्या कपारीत गिधाडं बसली होती, त्यातलं एक पंख पसरून दरीत उतरलं.

चिमाजीनं धुरीची पेंढी बांधली. आत वाळकं गवत, बाहेर ओला पाला, सगळं पायथ्यापासून आणलेलं. मग खांद्यावरचा दोर उतरवून त्यानं त्याचा एक वेढा ऐनाच्या बुंध्याला दिला. नुसता वेढा. देवीच्या झाडाला गाठ मारायची नाही, हीदेखील रीतच. वेढ्यापलीकडचं टोक माणसानं मुठीत धरायचं, पाय खडकाला रोवायचे आणि खालून हाक येईल तसा दोर सोडायचा. अर्जुनरावानं दुसरं टोक कमरेला बांधलं, मधाचा डबा अडकवला, कोयता खोवला.

चिमाजीनं हात पुढं केला. "आना."

अर्जुनरावानं दोराचं टोक उचललं आणि ज्योतीरामाच्या हातात दिलं.

"दाजी, त्येनं न्हाई धरायचा," चिमाजी म्हणाला. त्याला अजूनही वाटत होतं की दाजींच्या हातून चूक झाली. "त्येला रीत ठावं न्हाई."

"रीत मला ठावं हाय," अर्जुनराव म्हणाला. त्याची नजर दरीत होती. "त्योच धरंल."

चिमाजी ज्योतीरामाकडं बघत राहिला. ज्योतीरामाचे ओठ हलत होते. अखेर तो म्हणाला, "माझी धाकटी बहीण हाय जी त्यांच्या घरी. काडीमोड झालाय, असं सांगितलं होतं आम्हाला. काल तुमच्या दारात आलो तवा कळलं मला."

"लगीन कवा झालं?"

"कार्तिकात."

कार्तिकापासून वैशाखापर्यंत शालन किती संध्याकाळी ओट्यावर बसली असेल, तेवढ्या सगळ्या चिमाजीच्या डोळ्यांपुढं एकदम आल्या. आणि काल रात्री आपण तिला बोचकं बांधायला सांगितलं, हेही आलं.

"आन् शालन?"

"तिचं बगू काईतरी. खायला-प्यायला धाडीन," अर्जुनराव म्हणाला. "आता तुमीच सांगा पाव्हणं, हे मनात ठिवून तुमच्या हातात दोर दिऊन म्या खाली उतरू व्हय? आदी न्हाई कळलं तरी उतरताना कळलं असतं तुमाला. तोंडावर दिसतंया माज्या, मला ठावं हाय."

"माज्या भनीचं कुंकू हाय त्ये. म्या मेलो असतो तरी सोडला नसता."

"कुनी सांगावं," अर्जुनराव म्हणाला आणि पेटती धुरी हातात घेऊन कड्यावरून खाली सरकला.

इथं चिमाजीनं तोंड उघडायला हवं होतं. ज्योतीराम उभ्यानंच दोर धरून होता, पाय रोवायचे असतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उघडे हात, उघडे पाय, उघडी मान. माश्या उठल्या तर दोर धरणाऱ्याला पळता येत नाही, म्हणून त्याच्या अंगावर आधी घोंगडी घालायची असते. घोंगडी चिमाजीच्या खांद्यावर होती. ती देण्यापुरतं तरी त्यानं उठायला हवं होतं. तो उठला नाही. ऐनापासून चार पावलांवर दगडावर बसून राहिला आणि घोंगडी त्यानं स्वतःच्या डोक्यावरून ओढून घेतली. रागात माणूस हात उगारतो, शिव्या देतो. चिमाजीला ते कधी जमलंच नाही. तो नुसता गप्प बसला, आणि त्याच्या आयुष्यातलं सर्वांत वाईट काम त्यानं असं बसल्या-बसल्या केलं.

खालून धूर वर येत होता. "सोड... सोड... बास," अर्जुनरावाचा आवाज येत होता. ज्योतीराम जीव मुठीत धरून दोर सोडत होता, त्याच्या मानेवरच्या शिरा ताठल्या होत्या. वाईट माणूस नव्हता तो. बहिणीसाठीच उभा होता, जसा चिमाजी आठ वर्षं उभा राहिला.

मग वारा फिरला. दरीतून येणारा वारा एकाएकी वरून खाली वाहायला लागला, धूर पोळ्यापासून लांब गेला आणि कड्याच्या पोटातून एक जाड घोंघाट उठला. अर्जुनराव ओरडला, "वड! वर वड!" माश्यांचा लोट काठावर आला. पहिल्या दहा-वीस ज्योतीरामाच्या तोंडावर बसल्या. तो किंचाळला तरी त्यानं दोर सोडला नाही. हे चिमाजीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दोन वेळा त्यानं ओढलासुद्धा. मग माश्या पापण्यांवर बसल्या आणि त्याचे हात आपोआप डोळ्यांकडं गेले.

चिमाजी झेपावला. बुंध्याभोवती सुसाट फिरणारा दोर त्यानं दोन्ही मुठींत आवळला. तळहातांची कातडी सोलून निघाली, वास आला, तरी त्यानं आवळून धरला. पण धावता दोर एका माणसाच्या मुठीत थांबत नाही. शेवटचं टोक त्याच्या बोटांतून निसटून बुंध्याला फटका मारून दरीत गेलं. खालून अर्जुनरावाची हाक आली नाही. डबा खडकावर आपटल्याचा आवाज तेवढा आला, आणि कपारीतली सगळी गिधाडं एकदम उडाली.

ज्योतीराम जमिनीवर लोळत होता. चिमाजीनं त्याला ओढून आपल्याजवळ घेतला आणि एका घोंगडीखाली दोघं पालथे पडून राहिले. माश्या वर घोंघावत होत्या. घोंगडी दोघांना पुरली, हे चिमाजीच्या लक्षात आलं, आणि त्याला मोठ्यानं रडावंसं वाटलं.

"माय गं," ज्योतीराम कण्हत होता. "सहावा महिना चाललाय तिला. काय सांगू मी तिला? मीच सोडला की."

"तू न्हाई सोडला," चिमाजी म्हणाला.

"माझ्याच हातात होता जी."

"गप पड."

माश्या निवायला तास-दीड तास गेला. ज्योतीरामाचं तोंड सुजून डोळे दिसेनासे झाले होते. चिमाजीनं त्याला हाताला धरून दक्षिणेच्या वाटेनं चिंचवडच्या रस्त्याला लावून दिलं. "निघोज्यात येऊ नगंस. करंजवाडीलाबी न्हाई. बहिनीला म्हनावं, पाय घसरला." ज्योतीराम त्याच्या पायांवर पडायला वाकला, तेव्हा चिमाजी दोन पावलं मागं सरला.

मग चिमाजीनं करंजवाडीला जाऊन खबर दिली. तिथली माणसं कड्याखाली गेली आणि त्यांनी अर्जुनरावाला घोंगडीत घालून आणला. त्याची म्हातारी आई सुभद्राबाई दारातच बेशुद्ध पडली. निघोज्याला मी सांगतो, असं म्हणून चिमाजी तिथून निघाला. दोन कोसांची वाट त्यानं कशी तुडवली हे त्याला कळलं नाही. सोललेल्या हातांना त्यानं धोतराची फाडलेली पट्टी गुंडाळली होती.

शालन दारात बोचकं घेऊन उभी होती. कपाळभर कुंकू. एकटा भाऊ येताना दिसला, त्याचे हात दिसले, तोंड दिसलं, आणि तिला काही सांगावं लागलं नाही. ती खाली बसली. सोजरा आतून धावत आली आणि तिनं शालनला धरलं. पण शालन रडत नव्हती. कोरड्या डोळ्यांनी भावाकडं बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "दोर कुनाकडं हुता?"

चिमाजीला वाटेभर याच प्रश्नाची भीती होती. पाणवठ्यावरचं सगळं तिनंही ऐकलं होतं तर. रीत तिलाही ठाऊक होती. दोर त्या परक्या माणसाच्या हातात होता म्हटलं, की तिचा संसार कार्तिकातच मोडला होता. त्या दिवसापासून ती कुणाची कुणी नव्हती, आणि आज तिला रडायचाही हक्क नव्हता. तिचे डोळे त्याला सांगत होते की एवढं एक नको.

"माज्याकडं," चिमाजी म्हणाला. "माज्याच हातात हुता."

आणि तिला बरं वाटलं. नवरा मेल्याचं कळून घटकाही झाली नव्हती, तरी बहिणीच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, हे चिमाजीनं अगदी जवळून पाहिलं. मग ती सुटका सरली आणि ती त्याच्याकडं बघायला लागली, आयुष्यात पहिल्यांदा बघावं तशी.

"मंग?"

"सुटला."

तिनं सोजराचे हात बाजूला सारले, बोचकं उचललं आणि करंजवाडीच्या वाटेला लागली. त्या घरात तिचा नवरा पडला होता, आणि त्याची बायको म्हणून तिला तिथं जायचं होतं. चिमाजी मागून चालायला लागला तेव्हा तिनं वळून एकदाच सांगितलं, "माज्या मागं येऊ नगंस."

दहाव्याला इंद्रायणीच्या काठी दोन्ही गावं जमली. चिमाजी लांब, बाभळीखाली उभा होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. विधी चालू असताना बायकांच्या घोळक्यात कुजबुज उठली. कुणीतरी पिंपरीची बातमी आणली होती, की तिथं म्हणे अर्जुनरावाची दुसरी एक होती. सुभद्राबाईनं कानांवर हात ठेवले. शालन ताडकन उठली. कपाळ पांढरं, डोळे लाल.

"कोन म्हनतंय दुसरी?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "दुसरी असती तर दोर दुसऱ्याच्या हातात दिला असता त्यांनी. दोर माज्या भावाकडं हुता. माज्या मालकानं मला टाकली न्हवती. ह्यानं सोडला दोर, ह्यानं! इचारा त्येला!"

सगळी माणसं वळली. सोजरानं नवऱ्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. चिमाजीच्या हातांवर हळद लावून चिंध्या बांधल्या होत्या, ते हात त्यानं तसेच खाली सोडले.

"व्हय," तो म्हणाला. "म्याच सोडला."